शेंगेन व्हिसा घेऊन चक्क शेंगेनला: लक्झेंबर्ग आणि लिश्टनस्टाइन, ट्रेनने आणि पायी

शेंगेन व्हिसासाठी आपण बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, हॉटेल बुकिंग, सगळ्याच्या प्रिंटा काढून जाडजूड फाइल घेऊन रांगेत उभे राहतो, पण शेंगेन हे एका गावाचं नाव आहे हे मला पहिल्या ट्रिपपर्यंत माहीतच नव्हतं. मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांच्या उतारावरचं पिटुकलं गाव, लक्झेंबर्गच्या पार आग्नेय टोकाला. १४ जून १९८५ ला तिथे 'प्रिन्सेस मरी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर पाच देशांनी आपसातल्या हद्दींवरची तपासणी काढून टाकायच्या करारावर सह्या केल्या आणि आपल्या फाइलचा जन्म झाला. तर त्या गावात चालत जायचं कसं, आणि त्या निमित्ताने दोन छोटे देश स्वतःचे स्वतः कसे फिरायचे, ते सांगतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी मधले पॅरे सोडून द्या.

आधी देश ठरवा

छोटे देश म्हटलं की लोक यादी काढतात आणि सगळ्यांवर टिक करायला निघतात. तसं करू नका, कारण प्रत्येकाचं ट्रेनचं गणित वेगळं आहे. मोनॅकोला स्टेशन आहे (डोंगराच्या पोटात, बघण्यासारखं आहे), पण तो फ्रान्सच्या नीसहून अर्ध्या दिवसात होतो. सॅन मरिनोला ट्रेन नाही, इटलीच्या रिमिनीला उतरून बस. अँडोराला पण ट्रेन नाही, आणि तो शेंगेनमध्ये नाही, म्हणजे एकदा आत गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात! सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परत यायचे वांधे. माल्टाला रेल्वेच नाही.

राहिले लक्झेंबर्ग आणि लिश्टनस्टाइन. लक्झेंबर्ग २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा लहान. लिश्टनस्टाइन १६० चौरस किलोमीटर, मुंबईत असे तीन मावतील आणि वर जागा उरेल. पहिल्या ट्रिपला माझ्या मते लक्झेंबर्गला पाच रात्री आणि लिश्टनस्टाइनला दोन. कोणी म्हणेल लक्झेंबर्गला पाच दिवस काय करणार, त्याला पुढचं वाचू द्या.

व्हिसा, थोडक्यात

ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे. लिश्टनस्टाइन २०११ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याच्यासाठी वेगळं काही लागत नाही. फी मोठ्यांना ९० युरो (व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा), इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, मे-जूनचं जायचं असेल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा, नंतर उन्हाळी सुट्टीवाल्यांची झुंबड उडते. आणि अर्जातली आयटिनररी खरी लिहा. एजंट म्हणतो पॅरिस दाखवा, सोपं जातं. तुम्हाला पॅरिसला राहायचंच नाहीये तर कशाला दाखवायचं.

पोचायचं कसं आणि पास घ्यायचा का

भारतातून लक्झेंबर्गला थेट विमान नाही. पॅरिसला उतरलात तर गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान ट्रेन) सव्वादोन तासांच्या आसपास, ही गाडी आधी बुक करायची, जितकं आधी तितकं स्वस्त. ब्रसेल्सहून तीन-सव्वातीन तास. फ्रँकफर्टला उतरलात तर कोब्लेन्झ-ट्रिअर मार्गे या, वेळ जास्त जातो पण कोब्लेन्झनंतर कितीतरी वेळ मोझेल आणि तिचे द्राक्षमळे खिडकीशी असतात. खिडकीसाठी भांडायचंच असेल तर ते इथे.

आता पास, म्हणजे एकाच पासवर बऱ्याच देशांतल्या ट्रेन. इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी, आपल्याला युरेल. आणि या ट्रिपला मला तरी युरेलची गरज वाटत नाही, कारण लक्झेंबर्गमध्ये ट्रेन, ट्राम, बस, सगळं फुकट आहे. खरंच फुकट. २९ फेब्रुवारी २०२० पासून, सगळ्यांना, टुरिस्टलासुद्धा. तिकीट नाही, कार्ड नाही, पंच करायचं नाही, नुसतं चढायचं. मी पहिल्या दिवशी सवयीने तिकिटाचं मशीन शोधत फलाटभर फिरलो होतो, शेवटी एका आजोबांनी हात हलवून "जा जा, बस" अशी खूण केली.

फुकटात दोन पाचर आहेत. एक, फर्स्ट क्लासला पैसे पडतात, तेव्हा डब्यावर १ लिहिलंय की २ ते बघून चढा. मी १ मध्ये ऐटीत बसलो होतो, टीसीबाईंनी काही न बोलता फक्त त्या आकड्याकडे बोट दाखवलं. दोन, फुकट फक्त देशाच्या हद्दीपर्यंत. देश इतका लहान की डुलकी लागली तर दुसऱ्या देशात जाग येते. जर्मनीच्या बाजूचं शेवटचं स्टेशन वासरबिलिश, तिथे उतरलं नाही तर पुढे जर्मनीत विनातिकीट, आणि तो दंड ६० युरो. माझ्या मित्राने भरलाय, अजून नाव काढलं की चिडतो. ट्रिअर, मेट्झ वगैरेला मुद्दाम जायचं असेल तर हद्दीपलीकडचं तिकीट आधीच काढून ठेवा.

मुक्काम एकच, स्टेशनजवळ

रोज हॉटेल बदलू नका. राजधानीत, म्हणजे लक्झेंबर्ग शहरात, स्टेशनजवळ राहिलात की सगळे मार्ग तिथूनच सुटतात, पण हॉटेलं महाग आहेत. त्यापेक्षा एटेलब्रुक नावाच्या गावी बघा, उत्तरेच्या मुख्य लाइनवर साधारण अर्ध्या तासावर, डीकिर्शचा फाटा इथूनच फुटतो, डोंगराकडे जाणाऱ्या बसेस इथून. कल्याणला राहून कसारा आणि कर्जत दोन्हीकडे जाता येतं ना, तसं. तिकीट फुकट असल्यामुळे रोज राजधानीला जाऊन यायचा खर्च शून्य. युथ हॉस्टेलं पण चांगली आहेत, आणि त्यातली काही चालणाऱ्यांच्या वाटेवरच आहेत.

पहिला दिवस: शहर, पण खालून

जेट लॅगच्या दिवशी मोठं चालणं नको. लक्झेंबर्ग शहर दोन मजली आहे असं समजा, वर पठारावर गाव आणि खाली दरीत नदीकाठची जुनी वस्ती. वरून बोकच्या कातळापासून सुरुवात करा. ९६३ साली सिगफ्रीड नावाच्या सरदाराने हा कातळ घेऊन गढी बांधली आणि तिथून हा देश सुरू झाला. कातळाच्या पोटात भुयारं आहेत, १६४४ पासून खोदलेली, एके काळी २३ किलोमीटर होती, अजून १७ उरलीत, तिकीट काढून काही भाग बघता येतो. महायुद्धात लोक इथे आसऱ्याला होते. तटबंदी बरीचशी पाडली ती १८६७ च्या लंडन तहानंतर, हा देश तटस्थ राहील या अटीवर. आपल्याकडे इंग्रजांनी गडांच्या वाटा तोडल्या तेव्हा जे वाटतं तेच इथे त्या रिकाम्या तटाजवळ वाटलं, असो.

बोकवरून कॉर्निशच्या रस्त्याने (दरीच्या काठावरची तटावरची वाट) खालच्या ग्रुंड वस्तीत उतरा, आल्झेट नदी धरून फाफेनथालपर्यंत चाला, सपाट आहे. वर चढायची वेळ आली की चढू नका! तिथे ७१ मीटरची काचेची लिफ्ट आहे, फुकट, थेट वरच्या गावात. त्याच फाफेनथालला रेल्वे स्टेशन पण आहे आणि तिथून किर्शबर्गच्या पठारावर जाणारी फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी गाडी), ती पण फुकट. मी ती नुसती चार वेळा वर-खाली केली, लाज नाही वाटत सांगायला.

आता खरी गोष्ट: स्टेशन ते स्टेशन

लोणावळा लोकलने मळवलीला उतरून लोहगड-विसापूर केलेल्यांना हे लगेच कळेल. गाडी पार्क केली की परत गाडीपाशीच यावं लागतं, ट्रेनने गेलं की एका स्टेशनला उतरायचं, डोंगर ओलांडायचा आणि दुसऱ्या स्टेशनला चढायचं. लक्झेंबर्गच्या रेल्वेने अशा स्टेशन ते स्टेशन वाटा मुद्दाम आखून खुणा लावून ठेवल्यात. उत्तरेकडची लाइन दरीतून वळसे घेत जाते, स्टेशनं जवळजवळ, प्रत्येकाच्या मागे जंगल.

पहिल्यांदा जाणाऱ्याने करायची वाट माझ्या मते एकच: ग्योबेल्सम्यूल ते मिशेलाउ, मध्ये बूरशाइडचा किल्ला. एटेलब्रुकहून उत्तरेकडच्या गाडीत बसा, मिशेलाउ पहिलं येतं, तिथे उतरू नका, पुढचं ग्योबेल्सम्यूल. उतरलात की गाव असं नाहीच, दोन-चार घरं, नदीचा आवाज, आणि गाडी निघून गेली की एकदम शांत. वाट लगेच झाडीत शिरते आणि चढायला लागते. सह्याद्रीच्या मानाने चढ काहीच नाही, पण पानांचा खच असतो आणि पाऊस पडून गेला असेल तर त्याखालचे दगड साबणासारखे. मी स्पोर्ट्स शूज घालून गेलो होतो आणि उतरताना दोनदा बसलो, तेव्हा चांगल्या ग्रिपचे ट्रेकिंग शूज घ्या, आपले ॲक्शनचे पण चालतील.

मग झाडी सुटते आणि समोर किल्ला, खाली १५० मीटरवर झाऊअर नदीचं वळण. तटाला ११ बुरूज. आत तिकीट आहे, घ्या, आणि भाकरी-चटणी काय आणली असेल ती वर तटाजवळ बसून खा. तिथून मिशेलाउला उतार. चालणं सगळं मिळून अडीच-तीन तास, किल्ल्याचा वेळ वेगळा. मिशेलाउच्या फलाटावर बाक आहे, बूट काढून बसायचं, गाडी येईपर्यंत.

निघण्याआधी तीन गोष्टी करा. मोबिलिटाइट डॉट एलयू या सरकारी ॲपमध्ये परतीच्या गाड्यांच्या वेळा बघून स्क्रीनशॉट काढा, दरीत रेंज जाते. त्याच दिवशी ट्रॅकची कामं नाहीत ना ते बघा, सुट्ट्यांमध्ये या लाइनवर कामं निघतात आणि मग त्या पट्ट्यात ट्रेनऐवजी बस धावते, ती फलाटावर नाही तर बाहेर रस्त्यावर लागते आणि नवखा माणूस आत रुळांकडे बघत बसतो. आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. वेळा २४ तासांच्या लिहिलेल्या असतात, १७:३२ म्हणजे संध्याकाळचे पाच बत्तीस, दोन मिनिटं उशिरा गेलात तर गेली.

पाय चांगले असतील तर ली ट्रेल बघा, एटेलब्रुक स्टेशन ते काउटेनबाख स्टेशन, ५३ किलोमीटर, तीन दिवस. दोन्ही टोकांना रेल्वे आणि मधला बूरशाइडचा किल्ला वाटेवरच. मी त्यातला एकच दिवस केलाय, बाकीचे दोन राहिलेत.

याच लाइनवर अजून वर क्लेरव्हो. चालायचा कंटाळा आला किंवा पाऊस लागला तर तिथे जा, स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालून किल्ला आणि किल्ल्यात एडवर्ड स्टायकेन यांनी जमवलेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे फोटोंचं प्रदर्शन. १९५५ ला न्यूयॉर्कला पहिल्यांदा लागलेलं, ६८ देशांतले ५०३ फोटो. स्टायकेन मूळचे लक्झेंबर्गचे. थंडीत काही आठवडे बंद असतं, तारीख बघून जा.

जिथे ट्रेन नाही तिथे बस

व्हियांडेनला एटेलब्रुकहून बस. किल्ला फोटोत असतो तसाच दिसतो, पण त्याची गोष्ट भारी आहे. १८२० मध्ये राजाने तो एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला विकला, आणि व्यापारी तो, त्याने कौलं, लाकूड, दारं-खिडक्या सगळं सुटं सुटं विकून टाकलं. किल्ल्याचं खिंडार झालं. १९७७ ला तो सरकारकडे आला तेव्हा कुठे पुन्हा बांधून काढला, म्हणजे तुम्ही बघता ते छत आपल्या डोळ्यांदेखतच्या काळातलं आहे. खाली ऊर नदीच्या पुलाजवळ व्हिक्टर ह्यूगो १८७१ मध्ये राहिले ते घर आहे.

एश्टरनाखला पण बसच. हा म्युलरथालचा भाग, ११२ किलोमीटरची मोठी वाट इथे तीन चकरांमध्ये विभागलीये. सगळी करायची गरज नाही. एश्टरनाखहून बेरडॉर्फपर्यंत चाला, दोन-अडीच तास, मध्ये 'लांडग्याची घळ' लागते. सांधण दरी ज्यांनी केलीये त्यांना ती लहान वाटेल, पण ओलसर हिरवे उभे कातळ, मधून एकच माणूस जाईल एवढी फट, आणि पायऱ्या कोरलेल्या, मजा येते. बेरडॉर्फहून बस धरून परत. रविवारी बसेस कमी असतात हे लक्षात ठेवा.

आणि शेंगेन. गावात स्टेशन नाही, पण नदीच्या पुलापलीकडे जर्मनीतलं पर्ल आहे, त्याला स्टेशन आहे. जाताना राजधानीकडून बसने जा (ती फुकट), नदीकाठी ती सह्यांची बोट बघा, २०२५ मध्ये ती परत शेंगेनला आणून लावलीये, संग्रहालय बघा आणि मग पूल चालत ओलांडा. पलीकडे जर्मनी. तिथून दक्षिणेला दोनेक किलोमीटर चाललं की फ्रान्समधलं आपाश. सकाळी एका देशात चहा घेतलेला, जेवायच्या आत तीन देश पायी, आणि पासपोर्ट कुणी मागितला नाही. तरीपण पासपोर्ट जवळ ठेवा, मधूनमधून तपासणी असते आणि नेमकी आपल्यालाच थांबवतात.

खाणंपिणं

शाकाहारी असाल तर राजधानीत प्रश्न नाही, इंडियन रेस्टॉरंटं आहेत. गावाकडे मात्र मेनूवर डुकराचं राज्य. बटाटा किसून कांदा घालून तळलेली चपटी वडी मिळते, ग्रॉम्परेकिशेल्शर, जत्रेत आणि बाजारात गाड्यांवर, अंडं असतं त्यात. नाव घेता नाही आलं तर बोट दाखवा. फरसबीचं सूप म्हणून जे देतात त्यात बऱ्याचदा बेकनचे तुकडे असतात, विचारून घ्या. रविवारी गावातली दुकानं दुपारनंतर बंद किंवा पूर्ण बंद, म्हणून शनिवारीच सुपरमार्केटातून ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवायची. आमच्या घरच्यांनी दिलेला मेथी थेपल्यांचा डबा ग्योबेल्सम्यूलच्या चढावर संपला. "मोइएन" म्हणजे नमस्कार, सकाळ-संध्याकाळ कधीही चालतो, जंगलात समोरून येणारा प्रत्येक जण म्हणतो, आपणही म्हणायचं.

लिश्टनस्टाइनला जाताना

लक्झेंबर्गहून निघून मेट्झ, स्ट्रासबुर्ग, बाझल, झ्युरिक, झारगान्स असा पूर्ण दिवस जातो, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. झ्युरिकहून व्हिएन्नाला जाणाऱ्या मोठ्या गाड्या लिश्टनस्टाइनमधून जातात पण थांबत नाहीत, खिडकीतून बघेपर्यंत देश संपतो. रुळच साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहेत, १८७२ पासून, आणि गाड्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या. म्हणून आपण झारगान्सला उतरून ११ नंबरची बस धरायची, ती फाडुट्सला, म्हणजे लिश्टनस्टाइनच्या राजधानीला नेते. इथे फुकट नाही, तिकीट काढा. स्विस फ्रँक चालतो आणि हो, महाग आहे, ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसाला तिथलं बिल बघून घाम फुटतो. केसक्नॉप्फले मागवा, पिठाच्या बारीक गोळ्या, वर चीज आणि तळलेला कांदा, सोबत सफरचंदाची चटणी. शाकाहारी, पोटभर, एकाच्या प्लेटमध्ये दोघं भागतात.

फाडुट्सचा किल्ला आतून बघता येत नाही, राजघराणं राहतं तिथे. टुरिस्ट बसेस पाऊण तास थांबतात, पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारतात आणि जातात. तो शिक्का पासपोर्टवर मारून घेऊ नका असं माझं मत, सरकारी कागद आहे तो, डायरीवर घ्या.

पायी फिरायला इथे ७५ किलोमीटरची लिश्टनस्टाइन वाट आहे, २०१९ ला देशाची ३०० वर्षं झाली तेव्हा काढलेली, ११ च्या ११ गावांतून जाते. एका दिवसासाठी दक्षिणेचं बाल्झर्स घ्या, टेकडीवर गुटेनबर्गचा किल्ला, तिथून ट्रीझेनकडे चालत या. कुठेही थकलात तरी खाली उतरलं की बसस्टॉप. दुसऱ्या दिवशी बसने मालबुनला, १,६०० मीटर उंची, जूनच्या सुरुवातीला सावलीत बर्फ असू शकतं, जाकीट न्या.

निघायच्या दिवशी बस धरू नका. फाडुट्सहून ऱ्हाइनकडे चालत जा, तिथे १९०१ चा जुना लाकडी पूल आहे, १३५ मीटर लांब, वरून छप्पर, आत शिरलं की अंधार आणि जुन्या लाकडाचा वास, फळ्यांच्या फटीतून खाली नदीचं हिरवट पाणी. पलीकडे स्वित्झर्लंड. आणि तिथून अर्ध्या तासाच्या आत झेव्हेलेनचं स्टेशन, स्विस लोकलचं. चाकांची बॅग असेल तर त्या फळ्यांवर ती इतकी खडखड करते की पुलावरचे सगळे वळून बघतात, म्हणून सॅकच न्या.